देहाचे पुनरुत्थान आणि प्रभूचे आगमन

(मंडळीतील सभासद व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग : १ करिंथ. अध्याय १५, १ थेस्सल. ४:१३ ते ५:११, योहान २०:१९-२९.



उपासनेत आपण उभे राहून प्रेषितांचा मतांगीकार म्हणतो. त्याच्या शेवटी देहाच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास असल्याचे आपण कबूल करतो. हे शब्द लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. पण एखाद्या मुलाने वर्गात उभे राहून, "देहाचे पुनरुत्थान म्हणजे काय?" असे विचारले, तर आपल्यापैकी पुष्कळ जण चटकन सांगतील, "माणूस मेला की त्याचा आत्मा स्वर्गात जातो." हे उत्तर चूक आहे असे नाही, पण ते अपुरे आहे, मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे तर ते उत्तरच नव्हे. त्याने देहाविषयी विचारले आणि आपण आत्म्याविषयी सांगितले.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर आम्ही तो पंडितांवर सोपवला असता. पण कबरेजवळ उभ्या असलेल्या आईला, वडिलांचे शेवटचे दर्शनही न मिळालेल्या मुलाला आपण काय सांगणार, हे या उत्तरावर अवलंबून आहे. २०२० व २०२१ या कोविडच्या वर्षांत किती तरी कुटुंबांना आपल्या माणसाचा चेहरा पाहता आला नाही. काही ठिकाणी दफनाला जागा मिळाली नाही आणि दहन करावे लागले. "आमच्या माणसाला माती मिळाली नाही, मग शेवटल्या दिवशी त्याचे कसे होणार?" ही टोचणी आजही काही घरांत आहे. या भावाबहिणींना पवित्र शास्त्रातून ठाम उत्तर मिळाले पाहिजे. म्हणून आपण हा विषय क्रमाने पाहू.

१. दोन मंडळ्यांचे दोन प्रश्न

पुनरुत्थानाविषयी पौलाने जे लिहिले ते दोन मंडळ्यांच्या अडचणींमुळे लिहिले. पहिली मंडळी थेस्सलनीकाची. पौलाने हे पत्र इ. स. ५० च्या सुमारास करिंथ येथून लिहिले. गल्लियो हा अखया प्रांताचा अधिकारी असताना पौल करिंथात होता, असे प्रेषितांची कृत्ये अध्याय १८ मध्ये आहे. आणि ग्रीस देशात डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखावरून गल्लियोचा काळ इ. स. ५१-५२ च्या आसपास ठरवता येतो. म्हणजे प्रभूच्या वधस्तंभाला पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. प्रभू लवकर येणार अशी थेस्सलनीकाच्या विश्वासणाऱ्यांची खात्री होती. पण तो येण्याआधीच त्यांच्यातील काही जण मरण पावले. तेव्हा मागे राहिलेल्यांना वाटले की आपली माणसे त्या मोठ्या दिवसाला मुकली. पौल उत्तर देतो की ती मुकली नाहीत. उलट, ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत असलेल्यांची त्यांच्याशी भेट होईल.

दुसरी मंडळी करिंथची. तिचा प्रश्न निराळा होता. ख्रिस्त उठला हे त्यांना मान्य होते, पण मेलेली माणसे देहासह उठतील हे त्यांच्यातील काहींच्या गळी उतरत नव्हते. याचे कारण ते ज्या जगात वाढले होते त्यात सापडते. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या एका मोठ्या प्रवाहात देह हा आत्म्याचा तुरुंग मानला जाई. मरण म्हणजे सुटका. मग सुटलेल्या कैद्याने पुन्हा तुरुंगात कशाला यावे? अथेनै येथे पौलाने मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचे नाव काढताच ऐकणाऱ्यांपैकी काही जण हसले, ते याच कारणाने (प्रे. कृ. १७:३२).

आपल्याला हे काही परके वाटू नये. आत्मा अमर, देह नाशवंत; देह म्हणजे अंगावरचे कपडे, जुने झाले की टाकून द्यायचे, ही विचारसरणी आपल्या भोवतीच्या समाजात खोल रुजलेली आहे. आपल्या शेजाऱ्यांचा तो प्रामाणिक विश्वास आहे आणि त्याची थट्टा करण्याचे आपल्याला कारण नाही. पण हाच ख्रिस्ती विश्वास आहे असे समजून आपण तो मुलांना शिकवला, तर मात्र करिंथकरांचीच वाट आपण धरली असे होईल.

२. पवित्र शास्त्र काय शिकवते?

पहिली गोष्ट अशी की, देह देवाने निर्माण केला आणि तो चांगला आहे असे म्हटले (उत्पत्ती १:३१). म्हणून मरण हे शास्त्रात मित्र म्हणून येत नाही, ते शत्रू आहे, आणि नाहीसा होणारा शेवटला शत्रू आहे (१ करिंथ. १५:२६). लाजराच्या कबरेजवळ प्रभू रडला (योहान ११:३५). मरण ही आत्म्याची आनंदाची सुटका असती, तर रडण्याचे कारण काय होते? ऑस्कर कुलमान या शास्त्रज्ञाने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात हा फरक फार चांगला दाखवला. विषाचा पेला हाती घेऊन शांतपणे शिष्यांशी बोलत राहणारा सॉक्रेटिस, आणि गेथशेमाने बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करणारा येशू, अशी दोन चित्रे त्याने शेजारी शेजारी ठेवली. येशूचे धैर्य कमी होते असा याचा अर्थ नव्हे. मरण किती भयंकर आहे हे तो जाणत होता, आणि त्याच मरणाला जिंकण्यासाठी तो त्यात शिरला.

दुसरी गोष्ट अशी की, पुनरुत्थानाची आशा जुन्या करारातच उगवू लागली होती. यशया २६:१९ आणि दानीएल १२:२ येथे मातीत निजलेल्यांच्या जागे होण्याविषयी वाचा. यहेज्केल अध्याय ३७ मधील वाळलेल्या हाडांचे खोरे हे मुख्यतः बंदिवान इस्राएलाच्या पुनर्जीवनाचे चित्र आहे, पण मेलेल्यांना जिवंत करणारा देव हाच त्या चित्राचा पाया आहे. प्रभूच्या काळी परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. सदूक्यांनी सात भावांशी क्रमाने लग्न झालेल्या बाईची गोष्ट सांगून प्रभूला पेचात धरण्याचा प्रयत्न केला. त्यांना ना शास्त्र समजते, ना देवाचे सामर्थ्य, हेच प्रभूने त्यांना दाखवून दिले (मार्क १२:१८-२७). शिक्षकांनी ही दोन्ही कारणे ध्यानात ठेवावीत. आजही शंका बहुतेक याच दोन दारांनी आत येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या आशेचा नमुना खुद्द प्रभू आहे. पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो (१ करिंथ. १५:२०). लेवीय २३:१०-११ प्रमाणे इस्राएल लोक कापणीची पहिली पेंढी शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी परमेश्वरापुढे आणीत. पहिली पेंढी आली याचा अर्थ बाकीचे पीक शेतात उभे आहे आणि ते येणारच. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्वारीचे पहिले कणीस हाती आले की शेत कोणत्या धान्याचे आहे हे कळते. तसे ख्रिस्ताकडे पाहिले की आपण कसे उठू हे कळते.

३. मग ते शरीर कसे असेल?

हा प्रश्न करिंथकरांनीच विचारला होता (१५:३५). शुभवर्तमानांत दिसणाऱ्या प्रभूकडे पाहून आपण दोन गोष्टी म्हणू शकतो.

तो तोच होता. त्याच्या हातांवर व कुशीवर जखमांच्या खुणा होत्या. थोमाने त्या पाहिल्या. शिष्यांसमोर त्याने भाजलेली मासळी खाल्ली (लूक २४:४२-४३). कबर रिकामी होती. शिष्यांना भूत दिसले नव्हते, त्यांचा गुरूच त्यांच्यापुढे उभा होता.

तरी तो पूर्वीसारखाच नव्हता. दारे बंद असताना तो मध्ये येऊन उभा राहिला. अम्माऊसच्या वाटेवर दोघांनी त्याला लगेच ओळखले नाही. आणि लाजराप्रमाणे त्याला पुन्हा मरावे लागले नाही. लाजराला मिळाले ते जुनेच जीवन होते, येशूला मिळाले ते असे जीवन, ज्यावर मरणाची सत्ता चालत नाही (रोम. ६:९).

हे समजावण्यासाठी पौल बीजाचा दाखला देतो. पेरतो तो नुसता दाणा. उगवते ते हिरवे रोप. दाणा आणि रोप यांत केवढा फरक! तरी गव्हाच्या दाण्यातून गहूच येतो. पौलाच्या 'आध्यात्मिक शरीर' या शब्दांचा अर्थ पुष्कळ जण धुक्यासारखे, हवेतले शरीर असा करतात. पण पौलाच्या बोलण्याचा रोख शरीर कशाचे बनलेले आहे यावर नसून ते कोणाच्या सामर्थ्याने जगते यावर आहे. आजचे शरीर प्राणाच्या बळावर चालते, म्हणून थकते आणि मरते. ते शरीर देवाच्या आत्म्याच्या बळावर जगेल, म्हणून ते अविनाशी असेल.

येथे एक सावधगिरी हवी. बीज आपल्या स्वभावानेच उगवते. मेलेला माणूस आपल्या स्वभावाने उठत नाही. पौल दाखल्यातच सांगतो की त्याला शरीर देणारा देव आहे (१५:३८). पुनरुत्थान ही देवाची कृती आणि देवाचे दान आहे.

मग मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात आपली माणसे कोठे असतात? शास्त्र याविषयी थोडेच बोलते, पण जे बोलते ते पुरेसे आहे. ती ख्रिस्ताजवळ असतात (फिलिप्पै. १:२३; लूक २३:४३). हे सुख खरे आहे, पण हा शेवटचा मुक्काम नव्हे. शेवटचा मुक्काम आहे नवे आकाश, नवी पृथ्वी आणि उठवलेला देह.

४. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांचे काय?

इ. स. १७७ मध्ये गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, लियों व व्हिएन या शहरांतील ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ झाला. नव्वदी ओलांडलेला अध्यक्ष पोथिनस तुरुंगात मरण पावला. ब्लांदिना नावाच्या दासीने अतोनात हाल सोसूनही प्रभूला नाकारले नाही. युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासात या छळाची हकीकत जतन झाली आहे. छळ करणाऱ्यांनी हुतात्म्यांची प्रेते पुरू दिली नाहीत. ती सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. हेतू उघड होता. ज्या पुनरुत्थानाच्या आशेने हे लोक मरणाला भीत नाहीत, ती आशाच नाहीशी करायची. आता हे कसे उठतात ते पाहू, असे ते म्हणाले.

पण मंडळीची आशा राखेबरोबर वाहून गेली नाही. समुद्रात बुडालेल्यांचे काय, श्वापदांनी खाल्लेल्यांचे काय, असे प्रश्न त्याच शतकात अथेनागोरस याने आणि पुढे पाचव्या शतकात ऑगस्टिनने विचारात घेतले. दोघांच्याही उत्तरांचा आधार एकच आहे. ज्याने नसलेले अस्तित्वात आणले, त्याला विखुरलेले पुन्हा एकत्र आणणे कठीण नाही. प्रकटीकरण २०:१३ मध्ये समुद्रही आपल्यातले मेलेले परत देतो.

तेव्हा ज्यांच्या माणसाचे दहन झाले, जो पुरात वाहून गेला, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात किंवा २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ज्याचा पत्ता लागला नाही, त्यांच्या घरच्यांना आपण निःशंकपणे सांगावे : देवाला त्याचा पत्ता ठाऊक आहे. आपल्या माणसाचे पुनरुत्थान आपण केलेल्या अंत्यविधीवर नव्हे, तर ख्रिस्ताच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे.

मग दफन कशासाठी? पहिल्या ख्रिस्ती लोकांनी दफन पसंत केले, कारण प्रभूला कबरेत ठेवले होते आणि देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर होते. दफनभूमीसाठी त्यांनी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'निजण्याची जागा' असा आहे. इंग्रजी 'सिमेट्री' हा शब्द त्याच्यापासूनच आला. ही सुंदर साक्ष आहे आणि शक्य तेथे ती आपण जपावी. पण ती तारणाची अट नाही. कॅथलिक मंडळीनेही १९६३ साली दहनावरची बंदी उठवली. त्याआधी १९४४ मध्ये कॅन्टरबरीचे आर्चबिशप विल्यम टेम्पल यांच्या देहाचे दहन झाले होते. जुन्या शहरांतील आपली कबरस्थाने भरत आली आहेत; अशा वेळी मंडळीने एकत्र बसून, प्रार्थनापूर्वक निर्णय घ्यावा. पण शोकात असलेल्या घरावर कोणी दोषाचे ओझे ठेवू नये.

५. तो दिवस कधी?

पुनरुत्थान प्रभूच्या आगमनाशी जोडलेले आहे. ग्रीक भाषेत आगमनासाठी 'पारूसिया' हा शब्द आहे. राजा किंवा मोठा अधिकारी शहरात येई त्यालाही हाच शब्द लावीत. त्याच्या भेटीला पुढे जाण्यासाठी १ थेस्सल. ४:१७ मध्ये जो शब्द आहे, तोच पौलाला भेटायला रोमचे बंधू वाटेवर पुढे आले तेथेही आहे (प्रे. कृ. २८:१५). ते बंधू पौलाला घेऊन रोमला परतले. आपल्याकडे वऱ्हाड आले की गावाच्या वेशीपर्यंत सामोरे जातात, ते वऱ्हाडाला वाजतगाजत आत आणण्यासाठी. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की या वचनातील चित्र जग सोडून पळण्याचे नसून येणाऱ्या राजाला सामोरे जाण्याचे आहे.

तो दिवस व ती घटका कोणाला ठाऊक नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (मत्तय २४:३६). तरी तारखा काढणारे प्रत्येक पिढीत निघतात. अमेरिकेत विल्यम मिलर या बाप्टिस्ट शेतकऱ्याने दानीएल ८:१४ मधील २३०० दिवस म्हणजे वर्षे असे धरले आणि ती इ. स. पूर्व ४५७ पासून मोजली. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी त्या वर्षी पिके शेतातच राहू दिली. तो दिवस गेला, सकाळ झाली, आणि हजारो लोक रडले. इतिहासात त्याला 'मोठी निराशा' असेच नाव पडले. अगदी अलीकडे हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरील वक्त्याने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि २०१२ मध्ये आपली चूक कबूल केली. तोवर त्याच्या काही श्रोत्यांनी आयुष्याची पुंजी त्या प्रचारात घातली होती.

सहस्र वर्षांच्या राज्याविषयी (प्रकटी. २०) भक्तिमान लोकांतही मतभेद आहेत. जस्टिन व इरेनियस यांना वाटे की प्रभू आधी येईल आणि मग ते राज्य सुरू होईल. ऑगस्टिनने त्याचा अर्थ मंडळीच्या चालू काळाशी जोडला. मंडळी गुप्तपणे आधीच उचलली जाईल, ही शिकवण एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह असलेल्या बायबलमुळे ती दूरवर पसरली. शिक्षकांनी या मतांवरून वर्गात तट पाडू नयेत. प्रभू येणार, मेलेले उठणार, न्याय होणार आणि देव सर्व नवे करणार, या चार गोष्टींवर सर्व मंडळ्या एकमताने उभ्या आहेत. मुलांना त्या आधी पक्क्या शिकवाव्यात.

६. आज आपण कसे वागावे?

थेस्सलनीकात काहींनी कामधंदा सोडला होता, पौलाने त्यांना कष्ट करून आपली भाकर खाण्यास सांगितले (२ थेस्सल. ३:१०-१२). आणि करिंथकरांस लिहिलेला तो मोठा अध्याय संपतो तो भविष्याच्या तक्त्याने नव्हे, तर प्रभूच्या कामात टिकून राहण्याच्या आज्ञेने, कारण ते श्रम फुकट जाणार नाहीत (१५:५८).

देह उठणार असेल, तर देहाची सेवा हलकी नाही. आजाऱ्याच्या जखमा धुणे, भुकेल्याला वाढणे, म्हाताऱ्या आईवडिलांना उठवणे-बसवणे, हे सारे ज्या देहाला देव विसरणार नाही त्याच देहासाठी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशनचे इस्पितळ उघडले, आणि सीमाभागातील किती तरी कुटुंबांनी तेथे उपचार घेतले. शुभवर्तमान सांगणाऱ्यांनी इस्पितळे काढली ती उगीच नव्हे. तसेच आपला देह व्यसनाने किंवा दुराचाराने नासवणे हेही क्षुल्लक नाही (१ करिंथ. ६:१३-१४).

शिक्षकांसाठी सूचना : लहान मुलांच्या वर्गात मातीच्या कुंडीत घेवड्याचे बी पेरावे व पुढच्या रविवारी पाहावे. घरात नुकतेच मरण झालेल्या मुलाला "देवाने तुझ्या आजीला नेले" एवढे सांगून थांबू नये, कारण त्यामुळे मुलाला देवाची भीती वाटू लागते. "आजी येशूजवळ आहे, आणि येशू तिला एके दिवशी नवे शरीर देऊन उठवील" असे सांगावे. मूल रडले तर रडू द्यावे. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नये असे पौल सांगतो. शोकच करू नये असे तो सांगत नाही.

चर्चेसाठी प्रश्न :
१. 'आत्मा अमर आहे' आणि 'मेलेले उठतील' या दोन विधानांत काय फरक आहे?
२. उठलेल्या प्रभूच्या शरीरात पूर्वीचे काय होते आणि नवे काय होते? वचने काढून दाखवा.
३. आपल्या माणसाला कबर मिळाली नाही म्हणून दुःखी असलेल्या घरी भेटीला गेल्यास आपण कोणते वचन वाचाल?
४. प्रभू उद्या येणार असे कळले, तर आजच्या कामांपैकी कोणते काम आपण सोडाल आणि कोणते धरून ठेवाल?

पाठांतरासाठी : १ करिंथ. १५:२०.

आपल्या दफनभूमीत पुढच्या वेळी जाल तेव्हा तिच्या त्या जुन्या ग्रीक नावाची आठवण ठेवा. ती निजण्याची जागा आहे. आणि जो निजलेल्यांना उठवणार आहे, तो स्वतः एकदा कबरेत निजून उठला आहे. त्याच्या नावाला गौरव असो. आमेन.